वसुलीबाई आणि एकशेतेरावं पान

क्लबात तिला सगळे वसुलीबाई म्हणत, आणि हे नाव काही तिला फुकट मिळालेलं नव्हतं. गोदीत जहाजं दुरुस्त करणाऱ्या कामगारांचा तो क्लब. खाली बिलियर्डचं टेबल, पत्त्यांची खोली आणि चहाचं काउंटर. लाकडी जिना चढून वर गेलं की वाचनालय. वाचनालय म्हणजे भिंतीला टेकलेली लोखंडी कपाटं, एक लांबलचक टेबल आणि टेबलामागे ही. पुस्तक नेणारे पुष्कळ आणि आणून देणारे थोडे, ही सगळ्याच वाचनालयांची रड. पण इथलं पुस्तक कधी बुडालं नाही, कारण मुदत टळली की वसुलीबाई पिशवी उचलून सभासदाच्या दारात जाऊन उभी राहायची.

ती कुणाला टाकून बोलली असं कधी झालं नाही. आत यायची, खुर्चीत बसायची, पाणी मागायची, घरातल्या सगळ्यांची चौकशी करायची, आणि मग फळीवरच्या पुस्तकांकडे नुसती बघत राहायची. थोड्या वेळाने समोरचा माणूस ओशाळून उठे आणि उशीखालून नाहीतर फ्रिजवरून पुस्तक काढून आणे. हरवलं म्हणून कुणी सांगितलं तर म्हणायची, असू दे, मी बसते, तुम्ही शोधा. तिचा नवरा क्रेन चालवून निवृत्त झालेला, जिभेला हाड नसलेला माणूस. ही पोलिसात गेली असती तर चोरांनीच बदलीचे अर्ज केले असते, असं तो चारचौघांत सांगायचा.

खरं म्हणजे पुस्तक हे निमित्त होतं. कुणाचा खोकला हटत नाही, कुणाचा मुलगा रुसून घर सोडून गेला, कोण अंथरुणाला खिळलंय, हे तिला या वसुलीतून कळत असे, आणि कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे. काळजी करणं हा तिचा दुसरा धंदाच होता. फोन वाजला की तो उचलेपर्यंत तिने मनातल्या मनात कुणाला तरी दवाखान्यात पोचवलेलं असायचं. नवरा भाजी आणायला जाऊन जरा रेंगाळला की ही खिडकीत. रस्ता ओलांडताना माणसाला काय होईल सांगता येतं का, असं ती म्हणे, आणि नवरा म्हणे, झालंच काही तर सांगायला येईन.

फक्त एका सभासदाच्या दारात ती कधी गेली नव्हती. तो तिचा सख्खा थोरला भाऊ.

दादा गोदीत सुतार होता. लग्न करायचं राहून गेलं, असं तो सांगे, जणू काही दुकानातून साबण आणायचा राहून गेला. शहराच्या दुसऱ्या टोकाला आईच्याच घरात एकटा राहायचा. आई शेवटची आजारी पडली तेव्हा त्याचं म्हणणं, तिला घरातून हलवायचं नाही. हिचं म्हणणं, धाप लागलीय, दवाखान्यात न्यायलाच हवं. एके दिवशी दादा कामावर गेलेला असताना हिने गाडी बोलावली आणि आईला नेलं. आई दवाखान्यातल्या अनोळखी खोलीतच वारली, आणि नेमकी त्या वेळी ही खाली औषधं आणायला गेली होती. म्हणजे हाताशी दोघांपैकी कुणीच नव्हतं. ‘तू तिला तिच्या घरात मरूही दिलं नाहीस,’ एवढं एक वाक्य दादा बोलला, आणि त्यानंतर त्याने बहिणीशी बोलणंच टाकलं. तिने फोन केले, ते त्याने उचलून ठेवून दिले. नवऱ्याला मध्ये घातलं; तो चहा पिऊन, जहाजांच्या गप्पा मारून परत आला. आपण चुकलो की बरोबर केलं, याचा निकाल तिला इतक्या वर्षांत लावता आला नव्हता. रोज भांडी घासताना तो खटला नव्याने उभा राही.

पण दादाला वाचल्याशिवाय जमत नसे, आणि पुस्तकं तर क्लबातच. म्हणून तो बरोबर तिच्या सुटीच्या दिवशी यायचा. त्या दिवशी वाचनालय चहावाला सांभाळायचा. दादा जिन्याजवळच्या पेटीत जुनं पुस्तक टाकून, नवं घेऊन जायचा. दुसऱ्या दिवशी ही आली की अंगातला कोट न काढता आधी पेटी उघडायची. पुस्तक आलं, म्हणजे भाऊ धडधाकट आहे. पानांत लाकडाचा भुसा सापडला, म्हणजे घरी अजून काहीतरी ठोकाठोकी चालू आहे. एकदा चहाचा मोठा डाग सापडला, तर हात थरथरायला लागले की काय, या विचाराने तिला जेवण गेलं नाही. आणि पुस्तक नेहमी मुदतीच्या आत. वसुलीसाठी का होईना, बहिणीला दारात यावं लागेल, एवढी दया काही त्याने कधी दाखवली नाही.

अशात वाचनालयाच्या भिंतीला ओल धरली. कपाटं लोखंडाची होती, पण आतली पुस्तकं फुगायला लागली. शिवाय निम्म्या सभासदांच्या गुडघ्यांना तो जिना झेपेनासा झाला होता. क्लबचा सेक्रेटरी म्हणजे ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेला गृहस्थ. पेन्सिलसुद्धा टेबलाच्या कडेला समांतर ठेवणारा. पाठीमागे सगळे त्याला फुटपट्टी म्हणत. त्याने कमिटीपुढे ठराव मांडला की ज्यांची ज्यांची परवानगी मिळेल त्या सगळ्या पुस्तकांची ई-बुकं करायची. सभासदांनी ती घरबसल्या फोनवर नाहीतर टॅबलेटवर वाचायची, आणि मुदत संपली की पुस्तक आपोआप परत.

‘आपोआप परत’ हे शब्द ऐकून सगळी सभा वसुलीबाईकडे बघून हसली. तीही हसली, पण हसता हसता थांबली. पुस्तक आपोआप परत येणार, म्हणजे पेटी कायमची रिकामी. दादा आहे की नाही हे मग कशावरून कळायचं? तिने उठून विरोध केला, तोही भलत्याच मुद्द्यांवर. डोळे बिघडतात, वीज जाते, म्हाताऱ्यांना जमणार नाही. तुमच्या चपला तरी झिजायच्या थांबतील, असं कुणीतरी मागून म्हणालं, आणि ठराव पास झाला.

काम अर्थातच तिच्याच गळ्यात पडलं. क्लबातल्या एका फिटरने मांडणी ठोकून दिली. पुस्तक अर्धवट उघडं बसेल असा लाकडाचा पाळणा, त्यावर दोन्ही बाजूंनी रोखलेले दोन कॅमेरे, आणि पायाशी एक बटण. पान उलटायचं, अंगठ्याने कोपरा दाबून धरायचा, पाय दाबायचा की फोटो. उलटायचं, दाबायचं, पाय. शिवणयंत्रावर उमेदीची वर्षं काढलेल्या बाईला ते अवघड नव्हतं. पुढचं कॉम्प्युटर करायचा. तो पानं सरळ करी, अक्षरं ओळखी, कडा छाटी, आणि मग ही चष्मा पुसून एकेक पान तपाशी.

कडा छाटताना कॉम्प्युटरच्या हातून एक गोष्ट मात्र सुटायची, ती म्हणजे तिचा अंगठा. डाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात, अक्षराला धक्का न लावता, नख मधोमध दुभंगलेला अंगठा. लहानपणी दादाने कपाटाचं दार धाडकन लावलं तेव्हा तो फटीत सापडला होता. दादाने तिला पाठुंगळी घेऊन दवाखाना गाठला, वाटभर तिच्यापेक्षा मोठ्याने रडत. नख पुन्हा आलं ते दोन फाकांचं. सेक्रेटरीला तो अंगठा सहन होईना. सभासदांना पुस्तक द्यायचंय, तुमचा ठसा नव्हे, असं त्याने तिला सुनावलं. प्रत्येक डाव्या पानावरचा अंगठा हाताने पुसायचा म्हणजे जन्म पुरला नसता. करते, करते, असं म्हणत ती नव्या पुस्तकांना हात घालत राहिली.

मग सेक्रेटरीने अ‍ॅपवर सगळ्या सभासदांना नोटीस काढली. पान गहाळ, उलटं किंवा अस्पष्ट आढळल्यास थेट सेक्रेटरीला कळवावं. हे काम क्लबातच चालू ठेवायचं की बाहेरच्या कंपनीला द्यायचं, ते आलेल्या तक्रारी पाहून ठरवण्यात येईल. नोटीस वाचून वसुलीबाईचं धाबं दणाणलं. कारण नुकतंच तिला एक असं काही सापडलं होतं की आता हे काम हातचं जाऊन तिला चालणार नव्हतं.

झालं होतं असं. हिच्या कॉम्प्युटरवर, केवळ हिशेबासाठी म्हणून, प्रत्येक सभासदासमोर त्याने घेतलेलं पुस्तक दिसायचं आणि त्याच्या शेजारी एक आकडा. वाचता वाचता माणूस ज्या पानावर थांबला त्या पानाचा तो आकडा. सेक्रेटरीने शिकवतानाच बजावलं होतं की तो रकाना बघायचा नाही. कोण काय वाचतं आणि किती वाचतं, हे आपलं काम नव्हे. तिने मान डोलावली होती, आणि मनापासून डोलावली होती. पण मग दादाने कुठूनसा जुना टॅबलेट मिळवला आणि यादीत त्याचं नाव आलं.

पहिल्या दिवशी ती ओझरतं बघून पुढे जाणार होती. आकडा होता नऊ. दुपारी पुन्हा बघितलं तर चौदा. या क्षणी, शहराच्या त्या टोकाला, खिडकीपाशी बसून दादा वाचत होता आणि ते तिला इथे दिसत होतं. पेटीतून पंधरवड्याला कळायचं ते आता रोजचं रोज कळायला लागलं. दादाचा आकडा सरकायचाही कसा शिस्तीत. पान सोडून पुढे जायचं नाही, हा त्याचा लहानपणापासूनचा कायदा. तेव्हा तो आईला आणि हिला मोठ्याने वाचून दाखवायचा. ही स्वतः वाचायला लागली की वर्णनं गाळून थेट भांडणाच्या पानावर उडी मारायची, आणि दादा मानगूट धरून तिला सुटलेल्या पानावर आणून बसवायचा.

ई-बुकांना विरोध करणारी बाई आता ई-बुकांचे गोडवे गाते, हे बघून नवऱ्याला संशय आला आणि तिने त्याला सगळं सांगून टाकलं. ‘म्हणजे आता वसुली घरबसल्या,’ तो म्हणाला. तिला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी रकाना बघायचा नाही असं ठरवून ती क्लबात गेली आणि कोट खुंटीला अडकवायच्या आधी बघून मोकळी झाली.

असे बरेच दिवस बरे गेले. दादाने दोन-तीन पुस्तकं संपवली आणि जहाजावरची एक जाडजूड कादंबरी घेतली. आकडा झपाझप पुढे गेला, आणि एकशेतेरावर थांबला.

पहिल्या दिवशी तिने मनाची समजूत घातली. पाहुणे आले असतील, टॅबलेटची बॅटरी उतरली असेल. दुसऱ्या दिवशीही एकशेतेरा. कॉम्प्युटर बिघडला असेल म्हणून तिने शेजारच्या नावांवर नजर टाकली, जी टाकायचा तिला काडीचा अधिकार नव्हता. सगळ्यांचे आकडे सरकत होते. तिसऱ्या दिवशी तिच्या हातून चहाचा कप कलंडला, आणि चहावाल्याने खालून फडकं आणलं तेव्हा ती त्याच्याकडे अशी बघत राहिली की त्यानेच विचारलं, घरी सगळे बरे आहेत ना?

तिच्या डोळ्यांपुढे काय काय यायला लागलं ते सांगून सोय नाही. दादा मोरीत घसरून पडलाय. दादा खुर्चीत बसलाय, टॅबलेट मांडीवर आहे, पडद्यावर एकशेतेरावं पान आहे आणि मान एका बाजूला कललीय. एकटा माणूस, हाकेला कोण येणार? नवऱ्याने दादाला फोन लावून बघितला. घंटी वाजत राहिली, कुणी उचललं नाही. ‘तो फोन ड्रॉवरमध्येच ठेवतो,’ नवरा म्हणाला, पण या वेळी त्याला पुढे काही विनोद सुचला नाही.

‘मग जा की बघून ये,’ तो शेवटी म्हणाला.

जाऊन सांगायचं काय? मी तुझा आकडा चोरून बघत होते, हे सांगायचं? इतकी वर्षं ज्याने तोंड बघितलं नाही, त्याला बहीण रोज आपल्यावर पाळत ठेवून आहे असं कळलं, तर तो टॅबलेट समुद्रात फेकून देईल आणि वाचनही सोडेल. मग उरलासुरला धागाही गेला. शिवाय ही गोष्ट सेक्रेटरीच्या कानावर गेली की काम गेलंच म्हणून समजायचं. आणि नाही गेलं आणि दादाला खरंच काही झालेलं असलं तर? आईच्या वेळी धावपळ केली म्हणून बोल लागला. आता न करता लागला तर तो बोल लावायलाही कुणी उरणार नव्हतं. तुम्ही जाऊन या, असं नवऱ्याला म्हणावं तर त्याच्या पायाला प्लास्टर. भाजी आणताना नव्हे, घरातल्या घरात स्टुलावरून पडला होता. ही खिडकीत उभी होती तेव्हाच.

शेवटी तिने मधला मार्ग काढला. दादाच्या गल्लीच्या तोंडाशी बेकरी आहे, तिथे जाऊन सहज म्हणून विचारायचं. क्लबातून लवकर निघून ती बसने तिथवर गेली. बेकरीवाल्याला दादा चांगला माहीत होता. तो म्हणाला, रोज सकाळी एक ब्रेड नेणारा माणूस, पण बरेच दिवस झाले, आलाच नाही. घर बंद करून कुठे गेलाय का, असं तिने विचारलं. त्याने खांदे उडवले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बिस्किटं बांधून द्यायला लागला.

तिथून दादाच्या दारापर्यंत ती कशी पोचली ते तिचं तिलाच कळलं नाही. चपलेचा पट्टा तुटला तो तसाच ओढत गेली. जिना तोच, कठड्याचा गुळगुळीत झालेला गोळा तोच. दाराबाहेर दुधाच्या दोन पिशव्या तशाच पडून होत्या. तिने बेल दाबली. मग दार वाजवलं. मग दोन्ही हातांनी बडवायला लागली आणि दादा, दादा, अशा हाका मारायला लागली. समोरच्या घरातल्या बाई बाहेर आल्या. काय झालं, काय झालं, असं त्या विचारत होत्या, आणि ही दार बडवतच होती.

आतून कडी निघाली.

दादा उभा होता. अंगात आईने विणलेला जुना स्वेटर, गाल आत गेलेले, डोळ्यांवर दुपारची झोप. हिने बसमध्ये एक सबब घोकून ठेवली होती, ती कुठल्या कुठे गेली. दादाने तिच्याकडे बघितलं, समोरच्या बाईंकडे बघितलं, आणि आत गेला. आता दार लावून घेणार, असं तिला वाटलं. तो टॅबलेट घेऊन परत आला आणि त्याने तो तिच्या नाकासमोर धरला.

‘एकशेतेरानंतर एकशेसोळा,’ तो म्हणाला. ‘मधली पानं कुठायत?’

ती तिथेच पायरीवर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. इतक्या वर्षांचं एकदमच बाहेर आलं. समोरच्या बाईंनी पाणी आणलं आणि शहाण्यासारख्या आत निघून गेल्या.

‘अगं, दोन पानांसाठी रडतेस काय ठमे?’ दादा म्हणाला. ठमी हे तिचं घरातलं नाव. ते उच्चारणारं आता जगात एवढंच एक तोंड उरलं होतं, आणि त्या तोंडात एकही दात नव्हता. ते तिला आत्ता दिसलं.

‘तुझे दात कुठे गेले?’

‘काढले सगळे. कवळी यायचीय अजून. ब्रेड चाववत नाही, दूध तेवढं पितो. आजचं आत घ्यायचं राहिलं.’ त्याने वाकून पिशव्या उचलल्या. ‘तू काय समजलीस? मेलो?’

तिने मान हलवली. नाही म्हणून की हो म्हणून, ते तिलाही ठरवता आलं नाही. मग पदराने तोंड पुसून ती उलट त्याच्यावरच घसरली. दोन पानं नव्हती तर पुढे जायचं, एवढं काय अडलं होतं? दादाने तिच्याकडे असं बघितलं की ती पुन्हा शाळकरी पोर झाली. पान सोडून मी कधी पुढे गेलोय का, असं त्याने विचारलं. बरं, नव्हतं जायचं तर कळवायचं होतं, ती म्हणाली. नोटिशीत लिहिलं होतं ना, सेक्रेटरीला कळवा म्हणून.

दादा दाराच्या चौकटीवरचा रंग नखाने खरवडत उभा राहिला.

‘त्या फुटपट्टीला कळवलं असतं तर त्याने तुझं काम काढून घेतलं असतं,’ तो म्हणाला. ‘नोटीस मी नीट वाचली होती.’

‘हे मी करते ते तुला कसं माहीत?’

दादा तिच्या शेजारी पायरीवर बसला. गुडघे धरत, सावकाश. त्याने टॅबलेट मांडीवर घेतला, एक पान मागे सरकवलं आणि कोपऱ्यातल्या त्या दुभंगलेल्या नखावर बोट ठेवलं.

‘हे काय मला ओळखता येत नाही?’

पहिल्या पुस्तकापासून प्रत्येक डाव्या पानावर तो अंगठा होता, आणि ती इतके दिवस समजत होती की बघणारी आपण एकटीच आहोत.

पण आपली चोरी त्याला कळेल ही तिच्या मनातली भीती अजून गेली नव्हती, आणि ती मनात ठेवून तिला पुढचा शब्द बोलता येईना. म्हणून तिने रकान्याचं सांगून टाकलं. रोज बघते, दिवसातून कितीदा तरी बघते, बघू नको म्हणून सांगितलेलं असताना बघते. सांगताना तिने त्याच्याकडे बघितलंच नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढत होतं.

‘आईसारखीच आहेस,’ तो शेवटी म्हणाला. ‘तीही रात्री दार किलकिलं करून बघायची, मी झोपलो की नाही. मला कळायचं. मी डोळे मिटून पडून राहायचो.’

आईचं नाव त्याने काढलं, तेव्हा हिला राहवलं नाही. ‘दादा, मी तिला नेलं ते...’

‘तिला धाप लागली होती,’ दादा म्हणाला. ‘मला दिसत होतं सगळं. मला ते बघवेना, म्हणून त्या दिवशी मी कामावर गेलो. सुटी होती माझी.’

एवढं बोलून तो उठला आणि दूध तापवायला आत गेला. ती पायरीवर तशीच बसून राहिली. भांडी घासताना रोज उभा राहणारा तो खटला, त्याचा दुसरा आरोपी इतकी वर्षं या घरात एकटाच बसून होता, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. तिला त्याचा राग आला, खूप आला. आणि तो राग येत असतानाच आत ये म्हणून त्याने हाक मारली, तर ती मुकाट्याने आत गेली. तुटकी चप्पल दादाने खिळा ठोकून दुरुस्त करून दिली. बोलणं फार झालं नाही. निघताना तिने विचारलं, त्या दोन पानांत काय आहे ते सांगू का? पण तिला कुठे ठाऊक होतं. तिच्याही नजरेतून ती सुटलीच होती. ‘तू लहानपणापासून पानं गाळतेस,’ दादा म्हणाला, आणि मग दार लावता लावता, दुसरीकडे बघत, ‘पानं लाव. अंगठा मात्र पुसू नकोस.’

दुसऱ्या दिवशी तिने कपाटातून ती कादंबरी काढली. एकशेचौदा आणि एकशेपंधरा ही पानं ओलीने एकमेकांना चिकटून बसली होती. पुस्तकात मधूनमधून बिनआकड्यांची चित्रांची पानं असल्यामुळे मोजणीतही ते लक्षात आलं नव्हतं. पण बोटांना तरी कळायला हवं होतं. जाड पान हाताला लागतंच. मग तिला तो दिवस आठवला. हे पुस्तक पाळण्यात होतं, पाय बटणावर होता, आणि नजर शेजारच्या पडद्यावर. दादा तेव्हा आधीचं पुस्तक वाचत होता, त्याचा आकडा तिच्या डोळ्यांदेखत एकेकाने वाढत होता, आणि ती वेड्यासारखी हसत पानं उलटत होती.

तिने पातळ सुरीने पानं सोडवली, पुस्तक पाळण्यात ठेवलं, अंगठा नेहमीपेक्षा जरा आतच दाबला आणि पाय ठेवला. पानं जागच्या जागी लागली. सेक्रेटरी मागे येऊन उभा राहिला होता. बाई, पुन्हा अंगठा, असं तो म्हणाला. सभासदाची तक्रार आली तर जरूर काढते, असं तिने सांगितलं.

दुपारी एकशेतेराचे एकशेचौदा झाले. तिने एवढं बघितलं आणि तो रकाना बंद केला. पुन्हा तो तिने उघडला नाही. सुटीच्या दिवशी ती दादाकडे जाणार होती. कुठवर आलास, असं आता त्यालाच विचारता येणार होतं.